एचआयव्ही शरीरात राहून कसा बदलतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हे पान नर्सिंग आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी, आशाताईंसाठी, आणि ज्यांच्या घरात कुणाच्या एआरटीच्या (एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या) गोळ्या चालू आहेत अशा सगळ्यांसाठी आहे. वर्गात येणारे प्रश्न आणि एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर येणारे प्रश्न ऐकायला वेगळे असतात, पण बहुतेकांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं: या विषाणूच्या नकला होत राहिल्या की तो बदलत राहतो, आणि नकला थांबल्या की बदलही थांबतात.

एकदा लागण झाली की अंगात शेवटपर्यंत तोच एक विषाणू असतो ना?

नाही. सुरुवात बहुतेक वेळा एकाच विषाणूपासून होते हे खरं. स्त्री-पुरुष संबंधातून झालेल्या लागणीत दहापैकी साधारण आठ वेळा एकच विषाणू पुढे जाऊन रुजतो, त्याला संस्थापक विषाणू म्हणतात. पण उपचार नसतील तर वर्षभरात त्याचं मोठं गोतावळं तयार होतं. त्यातले सगळे एकमेकांचे नातलग, पण हुबेहूब सारखे फार थोडे. पुढे काही वर्षांनी त्याच माणसाच्या रक्तातल्या दोन विषाणूंच्या बाह्य आवरणाचं जनुक ताडून पाहिलं, तर त्यात शेकडा दहापर्यंत अक्षरांचा फरक सापडू शकतो. जगभर एका वर्षात पसरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंमध्ये जेवढी विविधता असते, तेवढी एचआयव्हीची विविधता एका माणसाच्या अंगात असू शकते.

इतका का बदलतो? कावीळ ‘बी’चा किंवा देवीचा विषाणू असा बदलत नाही.

तीन कारणं आहेत आणि ती एकमेकांना जोर देतात.

पहिलं, नक्कल करतानाच्या चुका. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएचा, सुमारे ९,७०० अक्षरांचा, आणि त्यात जनुकं फक्त नऊ. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर (एन्झाइम) या आरएनएवरून डीएनए बनवतं. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना चुका तपासून दुरुस्त करतात, या विकराला ती सोय नाही. दर एक लाख अक्षरांमागे साधारण तीन चुका होतात. ९,७०० अक्षरांच्या हिशेबाने प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या नकलेत एक नवा बदल आला.

दुसरं, वेग. १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो, जॉर्ज शॉ, अॅलन पेरेलसन यांच्या गटांनी रुग्णांना औषध देऊन विषाणू किती झपाट्याने घटतो ते मोजलं आणि त्यावरून तो किती वेगाने तयार होत असणार याचं गणित मांडलं. दिवसाला सुमारे एक हजार कोटी नवे विषाणूकण, आणि लागण झालेल्या पेशीचं आयुष्य जेमतेम दोन दिवसांचं. त्याआधी समज असा होता की बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या वर्षांत विषाणू झोपलेला असतो. प्रत्यक्षात त्या वर्षांत एक दिवसही उसंत नसते.

तिसरं, सरमिसळ. प्रत्येक विषाणूकणात आरएनएच्या दोन प्रती असतात आणि विकर नक्कल करताना एकीवरून दुसरीवर उडी मारतं. त्या दोन प्रती वेगवेगळ्या असतील तर दोन्हींचे बदल एकाच नव्या विषाणूत एकत्र येतात. एकात एका औषधाला न जुमानणारा बदल, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाला न जुमानणारा, आणि पुढच्या पिढीत दोन्ही एकत्र. चुकांपेक्षाही मला या सरमिसळीची जास्त धास्ती वाटते.

विद्यार्थी विचारतात म्हणून आणखी एक सांगते. आपल्या पेशींमध्ये अॅपोबेक३जी नावाचं प्रथिन असतं. ते विषाणूच्या मजकुरात मुद्दाम ‘जी’च्या जागी ‘ए’ घालून तो नासवतं. विषाणूचं व्हिफ हे प्रथिन त्याचा काटा काढतं. ते पुरतं निघालं नाही तर थोडेफार जी-ते-ए बदल मागे राहतात, आणि कधी कधी तेच विषाणूच्या पथ्यावर पडतात. खाली लॅमिव्ह्युडिन या औषधाच्या बाबतीत हे दिसेल.

पहिल्या काही आठवड्यांत आपली प्रतिकारशक्ती काहीच करत नाही का?

करते, आणि चांगलं करते. विषाणूची रक्तातली पातळी आधी भडकते आणि मग खाली येते, ते बऱ्याच अंशी मारक टी पेशींचं काम आहे. लागण झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनाचे छोटे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, टी पेशी ते ओळखतात आणि पेशीला मारतात. तुकडे मांडणाऱ्या रेणूंना एचएलए म्हणतात. ते प्रत्येक माणसाचे वेगळे, आईवडिलांकडून निम्मे-निम्मे आलेले.

पण ज्या विषाणूत नेमकं त्या तुकड्यातलं एखादं अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक दुवा) बदललेलं असतं, तो टी पेशींच्या नजरेतून सुटतो. बाकीचे मरतात, तो उरतो, वाढतो. लागणीनंतर काही आठवड्यांतच अशी पहिली सुटका झालेली दिसते. विषाणू काही ठरवून बदलत नाही. बदल आंधळेपणाने होतात, निवड मात्र आपलीच प्रतिकारशक्ती करते.

याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. एचएलए-बी२७ असलेल्या माणसांत रोग बराच सावकाश पुढे सरकतो. त्यांच्या टी पेशी विषाणूच्या गॅग प्रथिनातला दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा पकडतात, २६३ ते २७२ या जागांवरचा. सुटायचं तर २६४व्या जागी आर्जिनिनच्या ठिकाणी लायसिन यावं लागतं. पण हा भाग विषाणूच्या गाभ्याचा सांगाडा आहे. तिथे बदल केला की सांगाडाच डळमळतो आणि असा विषाणू नीट वाढू शकत नाही. त्याला सावरायला १७३व्या जागी आणखी एक बदल लागतो. दोन्ही जुळून यायला अनेक वर्षं जातात. ती जुळली की मात्र सुटका पक्की होते, आणि वर्षानुवर्षं चांगले राहिलेल्या त्या माणसाची तब्येत पुढे खालावू शकते. विषाणू कुठे कमजोर आहे हे यातून कळतं: जिथे बदलण्याची किंमत त्याला परवडत नाही, तिथे.

मग प्रतिपिंडं (अँटिबॉडी)? तपासणीत तर प्रतिपिंडंच सापडतात.

तपासणीत सापडणारी प्रतिपिंडं लागण झाल्याची खूण आहेत, विषाणूला निष्प्रभ करणारी असतीलच असं नाही. निष्प्रभ करणारी पहिली प्रतिपिंडं यायला साधारण काही महिने लागतात. ती येतात तोवर विषाणू पुढे गेलेला असतो. आजच्या रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला रोखतात, आजच्याला नाही, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

विषाणूच्या आवरणावर साखरेच्या रेणूंचा दाट थर असतो. ती साखर आपल्याच पेशींनी चढवलेली, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती परकी वाटत नाही. प्रतिपिंडांनी एक जागा धरली की साखरेचा एखादा रेणू जागा बदलून ती झाकली जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या, एचआयव्हीच्या ‘सी’ या उपप्रकाराची लागण झालेल्या रुग्णांत एक फार बोलकी गोष्ट सापडली. सुरुवातीच्या प्रतिपिंडांपासून सुटताना विषाणूने ३३२व्या जागी साखर घेतली, आणि नेमकी तीच साखर पुढे अनेक जातींच्या विषाणूंना रोखणाऱ्या व्यापक प्रतिपिंडांचं लक्ष्य ठरली. पळवाट काढताना त्याने स्वतःची नवी दुखरी जागा तयार केली. लशीवर काम करणारे लोक आज या घडामोडीकडे बारकाईने पाहतात ते यासाठीच.

आठ-दहा वर्षं माणूस ठणठणीत असतो. त्या काळात आत नेमकं काय चाललेलं असतं?

यावरचं सगळ्यात जास्त दाखला दिलं जाणारं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. राज शंकरप्पा आणि सिअॅटलच्या जेम्स मलिन्स यांच्या गटाने नऊ पुरुषांच्या रक्ताचे सहा ते बारा वर्षांचे नमुने घेऊन आवरणाच्या जनुकाचा एक भाग वर्षागणिक वाचला. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आणि विद्यार्थ्यांची गल्लत होते ती इथेच. एक, मूळ संस्थापक विषाणूपासून आजचा विषाणू किती लांब गेला, म्हणजे अंतर. दोन, आज या क्षणी रक्तात असलेले विषाणू एकमेकांपासून किती वेगळे, म्हणजे विविधता.

सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही वाढतात, आणि अंतर वर्षाला साधारण एक टक्का या गतीने, इतक्या ठरावीकपणे की आलेखावर सरळ रेष दिसते. मधल्या टप्प्यात अंतर वाढत राहतं, पण विविधता थांबते किंवा घटू लागते. शेवटच्या टप्प्यात अंतर वाढणंही मंदावतं.

हे नऊ जण अमेरिकेतले, बी उपप्रकाराचे. आपल्याकडचा उपप्रकार वेगळा आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. चालण्याची पद्धत मात्र इतरत्रही अशीच आढळते.

रोग बळावतो तेव्हा बदल वाढायला हवेत. उलट ते मंदावतात, हे कसं?

परीक्षेला विचारला तर निम्मा वर्ग चुकतो असा हा प्रश्न आहे. बदल टिकवतं कोण? प्रतिकारशक्तीचा दाब. टी पेशी आणि प्रतिपिंडं रोज जुन्याला मारतात म्हणून नवा पुढे येतो. सीडी४ पेशी (प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या टी पेशी, ज्यांत हा विषाणू शिरतो) रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे २००च्या खाली गेल्या, प्रतिकारशक्ती मोडकळीला आली, की पळण्याचं कारणच उरत नाही. मग जो सगळ्यात जोमाने वाढतो तोच पसरतो आणि बाकीचे मागे पडतात. चुका तेवढ्याच होतात, पण त्यांना निवडणारं कुणी उरत नाही. या स्पष्टीकरणाला सगळ्यात जास्त आधार आहे. उरलेल्या पेशींचा प्रकार बदलणं हेही एक कारण सांगितलं जातं, आणि माझ्या मते दोन्ही बरोबरीने चालतात.

विषाणू शेवटी ‘दुसऱ्या दारातून’ शिरायला लागतो असं वाचलं. ते काय?

सीडी४ पेशीत शिरताना विषाणूला तिच्यावरच्या सीडी४ रेणूसोबत आणखी एक सहग्राहक, म्हणजे आत शिरायला मदत करणारा रेणू, लागतो. नव्याने लागलेला विषाणू जवळजवळ नेहमी सीसीआर५ वापरतो. उपचार नसलेल्या काही रुग्णांत पुढे सीएक्ससीआर४ वापरणारे विषाणू उगवतात. त्यासाठी आवरणाच्या व्ही३ या ३५ अमिनो आम्लांच्या वळशात थोडेच बदल पुरतात. ११व्या किंवा २५व्या जागी धनभारित अमिनो आम्ल आलं तर शंका घ्यावी, असा जुना नियम आहे. सीएक्ससीआर४ अननुभवी (अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या) टी पेशींवर भरपूर असतो, म्हणजे विषाणूला पेशींचं नवं भांडार उघडं होतं आणि सीडी४ झपाट्याने घसरतात.

बी उपप्रकारात हा पालट साधारण निम्म्या रुग्णांत दिसतो. भारतातल्या सी उपप्रकारात तो बराच कमी. तरीही सी उपप्रकाराच्या माणसांना उपचाराविना एड्स होतोच. त्यामुळे हा पालट रोग बळावण्याची एक वाट आहे, एकमेव नाही.

म्हणजे विषाणूच्या बदलण्यामुळेच एड्स होतो असं म्हणावं का?

अर्धं बरोबर. बदलण्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याला कायमचं आवरता येत नाही. पण बदलणं एवढंच पुरेसं असतं तर आफ्रिकेतली माकडंही आजारी पडली असती. सूटी मँगबे जातीच्या माकडांत याच कुळातला एसआयव्ही असतो, रक्तात भरपूर असतो, तिथेही बदलत राहतो. तरी ती माकडं सहसा आजारी पडत नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती लागणीनंतर थोड्याच दिवसांत शांत होते. माणसात ती वर्षानुवर्षं चेतलेली राहते. पहिल्याच आठवड्यांत आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, तिथला अडसर ढिला पडतो, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि भडका चालू राहतो. चेतलेल्या पेशी म्हणजे विषाणूला आयतं खाद्य. बदल आणि भडका हे दोन्ही मिळून माणसाला खाली ओढतात.

आपल्या भागात यात क्षयरोगाची भर पडते. एचआयव्हीसोबत आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा आजार तोच. क्षयाने पेशी आणखी चेततात आणि विषाणूच्या नकला वाढतात. एचआयव्हीच्या रुग्णाला खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं एक जरी असलं तरी क्षयाची तपासणी पुढे ढकलू नये.

आपल्याकडे कोणता एचआयव्ही आहे?

भारतात १९८६ साली चेन्नईत पहिली लागण नोंदली गेली, डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. तेव्हापासून आजवर आपल्याकडे एचआयव्ही-१चा सी उपप्रकार सर्वाधिक. तोच दक्षिण आफ्रिकेत आणि जगातही सर्वाधिक. विषाणूच्या जनुकांना चालू-बंद करणाऱ्या भागात एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाला बसायच्या जागा असतात, बी उपप्रकारात दोन, सीमध्ये तीन. बंगळुरूच्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने भारतात चार जागा असलेले विषाणू दाखवले. म्हणजे माणसाच्या शरीरात आणि माणसामाणसांतून जाताना आपल्याच देशात हा विषाणू नवं काही घडवतो आहे. एचआयव्ही-२ही थोड्या प्रमाणात आढळतो. त्याच्यावर नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ ही औषधं चालत नाहीत, म्हणून तपासणीत प्रकार कळणं गरजेचं.

एकच चांगलं औषध का देत नाहीत? तीन कशाला?

हिशेब करून पाहा. ठरावीक एका जागी ठरावीक एक बदल येण्याची शक्यता प्रत्येक नकलेमागे साधारण लाखात एक. उपचार नसलेल्या शरीरात रोज कोटभर ते दहा कोटी पेशींना नवी लागण होते. म्हणजे कुठलाही एकेरी बदल रोज शेकडो वेळा आपोआप घडतो, औषध सुरू होण्याच्या आधीपासून. दोन ठरावीक बदल एकाच नकलेत एकदम येण्याची शक्यता हजार कोटीत एक, तरीही काही महिन्यांत किंवा वर्षांत ते घडू शकतं. तीन एकदम येणं जवळजवळ अशक्य. झिडोव्ह्युडिन हे औषध १९८७ साली एकटं वापरात आलं आणि दोनच वर्षांत त्याला न जुमानणारे विषाणू नोंदले गेले. १९९६ पासून तीन औषधांचे मेळ आले आणि मृत्यूंचा आलेख खाली आला.

आता लॅमिव्ह्युडिनची गोष्ट. त्याला न जुमानण्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज विकराच्या १८४व्या जागेवरचं मेथिओनिन बदलावं लागतं. तिथली तीन अक्षरं एटीजी. जी-ते-ए हा बदल सहज होणारा, म्हणून आधी एटीए येतं, म्हणजे आयसोल्युसिन. पण हा विषाणू फारच अशक्त. काही आठवड्यांत जीटीजीवाला, म्हणजे व्हॅलिनवाला, त्याला मागे टाकतो, कारण तो जरा बरा वाढतो. सहज घडणारा आधी, तगणारा नंतर. उत्क्रांती एका अक्षरात पाहायची असेल तर याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि व्हॅलिनवालाही मूळ विषाणूपेक्षा कमजोरच असतो, शिवाय टेनोफोव्हिर हे दुसरं औषध त्याच्यावर जास्त लागू पडतं.

सी उपप्रकाराबाबत एक सावधगिरी: टेनोफोव्हिरला न जुमानणारा ६५व्या जागेचा बदल त्याच्यात बीपेक्षा लवकर येतो, कारण त्या जागेच्या आसपासची अक्षररचनाच तशी आहे. म्हणून आता गोळीत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिनसोबत डोल्युटेग्राव्हिर आहे. त्याला चुकवणं विषाणूला फार जड जातं.

“मॅडम, आम्ही दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातो ते पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावरच गावी येतो. तिकडे गोळ्या संपल्या तर?”

बीड, धाराशिव, जालना, परभणी भागातून हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो विचारणाऱ्या बाईच्या मागे मुकादमाची उचल, फडावरचं काम आणि कोपीतलं लेकरू असतं हे विसरून उत्तर देता येत नाही. म्हणून आधी व्यवस्थेचं सांगते. निघायच्या आधी केंद्रावर काउन्सेलरताईंना सांगा की आम्ही कुठल्या कारखान्यावर, किती महिने जाणार. तब्येत स्थिर असेल तर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. तेवढ्यानेही भागणार नसेल तर कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रावर नाव वळवून घेता येतं. उपचाराचं पुस्तक सोबत ठेवा. गोळ्या संपायला आठवडा उरला की जवळचं केंद्र विचारायला १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.

आता आत काय होतं ते. गोळ्या पूर्ण थांबल्या की बहुधा दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत येतो. सगळ्यात वाईट अवस्था असते ती अधूनमधून गोळी घेण्याची. औषध असं असतं की विषाणूच्या नकला पूर्ण थांबत नाहीत, पण न जुमानणाऱ्याला निवडण्याइतकं मात्र असतं. जुन्या गोळीत इफाव्हिरेन्झ होतं. ते अंगातून बाहेर पडायला फार दिवस घेई. गोळी सुटली की बाकीची दोन औषधं आधी संपत आणि ते एकटंच मागे उरे. त्यातून त्याला न जुमानणारा १०३व्या जागेचा बदल फार जणांत रुजला. आताची गोळी जास्त सोसते, पण तिच्यावर किती ताण द्यायचा यालाही मर्यादा आहे.

एखादा दिवस चुकला म्हणून घाबरून पुढचे दिवसही सोडू नका. आठवण होताच गोळी घ्या आणि पुढे चालू ठेवा. केंद्रावर खरं सांगा. तिथे कुणी रागावलं तरी खरं सांगा, कारण पुढचा निर्णय त्यावर ठरतो.

गोळी रोज घेते, तरी औषधाचा जोर कमी पडू शकतो का?

हो, दोन ठिकाणी. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात धरून ठेवतात. गरोदर ताईंना लोहाच्या गोळ्या असतातच. एकतर दोन्ही जेवणासोबत घ्या, किंवा एआरटीची गोळी लोहाच्या दोन तास आधी घ्या. दुसरं, क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिर लवकर संपवतं, म्हणून त्या काळात ५० मिलिग्रॅमची जादा गोळी देतात. ती ‘जादा’ आहे म्हणून टाळू नका.

व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘आढळला नाही’ असा आला. आता विषाणू अंगात बदलतोय का? आणि गोळ्या बंद करता येतील का?

गोळ्या नीट चालू असताना विषाणूचं पुढे सरकणं जवळपास थांबतं. वर्षानुवर्षं नीट उपचार घेणाऱ्यांमधला विषाणू मजकुराने उपचार सुरू केल्या दिवशी होता तिथेच असतो, याला भरपूर पुरावा आहे.

तो जातो मात्र नाही. काही सीडी४ स्मृतिपेशींच्या डीएनएत त्याची प्रत जोडलेली राहते. विश्रांती घेणाऱ्या दहा लाख सीडी४ पेशींमागे साधारण एकीत वाढू शकणारा विषाणू असतो. हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात, म्हणजे नुसत्या वाट पाहण्याने तो संपायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी लागलं की नवी लागवड न करताच खोडवा उगवतो, तसंच हे आहे, आणि खोडव्याला ऊस त्याच जातीचा येतो. गोळ्या थांबल्यावर परत येणारा विषाणू याच जुन्या साठ्यातला असतो. आधी कधी औषधाला न जुमानणारा विषाणू झालेला असेल तर तोही या साठ्यात जमा असतो, दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून नव्या डॉक्टरांना जुन्या गोळ्यांची माहिती द्यावी. आणि म्हणूनच गोळ्या बंद करता येत नाहीत, कितीही वर्षं रिपोर्ट चांगला आला तरी.

नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह आहेत. आता काळजी कशाची?

एकाच्या अंगातला विषाणू औषधाला न जुमानणारा झाला असेल तर तो दुसऱ्याला लागू शकतो, आणि वर सांगितलेली सरमिसळही होऊ शकते. दोघांचेही व्हायरल लोड दबलेले असतील तर ही भीती उरत नाही. वेळेवर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं हे २०११ साली ज्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, त्यात पुण्यातली जोडपीही होती.

आईकडून बाळाला आलेला विषाणू जास्त जोमाचा असतो का?

विषाणू जोमाचा नसतो, पण बाळासाठी परिस्थिती अवघड असते. बाळाचे निम्मे एचएलए आईचे असतात. आईच्या टी पेशींपासून सुटायला शिकलेलाच विषाणू बाळाला मिळतो, त्यामुळे बाळाच्या टी पेशींचा निम्मा मारा आधीच वाया गेलेला असतो. उपचार नसतील तर मुलांत रोग मोठ्यांपेक्षा वेगाने बळावतो. उलट, एचएलए वेगळं असलेल्या मोठ्या माणसाला लागण झाली तर विषाणूचे महागात पडणारे बदल हळूहळू पुसले जाऊन तो मूळ रूपाकडे वळतो. आईच्या गोळ्या गरोदरपणात वेळेवर सुरू झाल्या तर हे सगळं टळतं. लागण झालेली मुलं औषधांवर वाढतात, शिकतात, कमावती होतात. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावच्या सेवालयात आणि बीडजवळ पाली इथल्या इन्फंट इंडियात हे डोळ्यांनी बघता येतं.

आमच्या ओळखीत एकजण गोळ्या न घेता वर्षानुवर्षं ठणठणीत आहे. मग?

शंभरात एकापेक्षाही कमी माणसं विषाणूला औषधाविना दाबून ठेवतात. त्यातल्या अनेकांत एचएलए-बी५७ किंवा बी२७ असतं. पण नुसतं ठणठणीत दिसणं म्हणजे विषाणू दबलेला असणं नव्हे. उपचार नसलेला जवळजवळ प्रत्येकजण काही वर्षं ठणठणीतच दिसतो. त्यांना तपासणीला घेऊन या. २०१७ पासून सीडी४ कितीही असले तरी लगेच उपचार सुरू करण्याचं देशाचं धोरण आहे.

लस का होत नाही?

वर वाचलंच. एका माणसातच इतकी रूपं, आणि जगात तर कोट्यवधी माणसं. शिवाय बरा झालेला रुग्ण कसा बरा झाला हे पाहून लस बनवायची, तर इथे आपोआप बरं होणारं जवळजवळ कुणी नाही.

विषाणू औषधाला जुमानत नाही हे कसं कळतं? कुठे जायचं?

सीडी४वरून उशिरा कळतं, व्हायरल लोडवरून लवकर. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, आणि पुढे वर्षातून एकदा व्हायरल लोड होतो, सरकारी केंद्रात मोफत. तो रक्ताच्या मिलिलिटरमागे १,००० प्रतींच्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्या का सुटतात ते समजून घेऊन, अडचण सोडवून पुन्हा तपासतात. पुष्कळदा तेवढ्याने आकडा खाली येतो, कारण विषाणू बदललेला नसतो, औषधच पोटात गेलेलं नसतं. गोळ्या नीट घेऊनही आकडा वर राहिला तर विषाणूचा मजकूर वाचून कुठली जागा बदलली ते पाहता येतं. ही तपासणी गोळ्या चालू असतानाच करावी. बंद केल्यावर जुना जोमदार विषाणू वर येतो आणि न जुमानणारा त्याच्या आड लपतो.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा. तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने. गावातल्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घाला. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.